डीपीडीपी सर्टिफिकेट घ्यायचं का? एका लॅबचालकाच्या प्रश्नाला उत्तर

सातारा जिल्ह्यातल्या एका पॅथॉलॉजिस्ट मॅडमचा प्रश्न थोडक्यात असा: "माझी स्वतःची लॅब आणि तीन कलेक्शन सेंटर आहेत. रिपोर्ट आम्ही व्हॉट्सॲपवर पाठवतो. नव्या डेटा कायद्यात अडीचशे कोटींचा दंड आहे असं सांगून एका कंपनीचा माणूस 'डीपीडीपी सर्टिफिकेट' आणि 'कन्सेंट मॅनेजर' घ्या म्हणून मागे लागलाय. शेजारच्या तालुक्यातल्या एका हॉस्पिटलचा सर्व्हर मध्यंतरी लॉक झाला, त्याचीही धास्ती आहे. कुणी म्हणतं कायदा २०२७ ला लागू होणार, तोवर काही करायची गरज नाही. नेमकं काय करू?"

मॅडम, सर्टिफिकेट घेऊ नका. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ (इंग्रजी आद्याक्षरांनी डीपीडीपी) आणि त्याखालचे २०२५ चे नियम यांत असं कुठलंही सर्टिफिकेट नाही. ते देण्याचा अधिकार कुणालाही दिलेला नाही, आणि भिंतीवर लावलं तरी चौकशीच्या वेळी त्याचा उपयोग नाही. कन्सेंट मॅनेजर ही लोकांना आपल्या डेटाची संमती एका जागी देता-काढता यावी म्हणून असलेली नोंदणीकृत मध्यस्थ कंपनी असते. तिची निव्वळ मत्ता किमान २ कोटी रुपये हवी आणि तिची नोंदणी डेटा संरक्षण मंडळाकडे, म्हणजे या कायद्याखाली चौकशी आणि दंड करणाऱ्या मंडळाकडे, व्हावी लागते. त्या नोंदणीचा नियम लागू व्हायचा आहे नोव्हेंबर २०२६ च्या मध्यात, आणि तेव्हाही अशी कंपनी नेमायची सक्ती तुमच्यावर नाही. डेटा प्रोटेक्शन ऑफिसर, दरवर्षीचं ऑडिट, परिणाम-मूल्यांकन हे सगळं सरकार ज्यांना 'महत्त्वाचे' म्हणून अधिसूचित करील त्या मोठ्या कंपन्यांसाठी आहे. अडीचशे कोटी हा दंडाचा वरचा आकडा आहे. चुकीचं गांभीर्य, ती किती काळ चालली, पुन्हा पुन्हा झाली का, नुकसान आवरायला तुम्ही काय केलं, हे तोलून दंड ठरवायचा असं कलम ३३ सांगतं. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात पहिला आकडा ठळक असतो, हे वाक्य नसतं.

आता "२०२७ पर्यंत काही नको" हे म्हणणाऱ्यांबद्दल. ते विक्रेत्यापेक्षा जास्त धोक्याचं बोलतात.

नव्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली ११ ऑगस्ट २०२३ रोजी. नियम यायला दोन वर्षांहून जास्त गेली. नोव्हेंबर २०२५ च्या मध्यात ते निघाले आणि कायदा तीन टप्प्यांत लागू करायचं ठरलं. मंडळाची स्थापना आणि त्यासंबंधीची कलमं लगेच, कन्सेंट मॅनेजर एका वर्षाने, आणि तुमच्याशी थेट संबंध असलेलं सगळं, म्हणजे रुग्णाला द्यायची नोटीस, संमती, सुरक्षा, डेटाफुटीची खबर, मुलांचा डेटा, हे १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ च्या मध्यात.   

पण जुना कायदा अजून जिवंत आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३अ रद्द करणारी तरतूदही १८ महिन्यांच्याच टप्प्यात टाकलेली आहे. त्यामुळे मे २०२७ पर्यंत कलम ४३अ आणि त्याखालचे २०११ चे नियम चालू राहतात. त्या नियमांत 'संवेदनशील' माहितीची यादी आहे आणि तीत वैद्यकीय नोंदी, शारीरिक व मानसिक आरोग्य, बायोमेट्रिक्स हे स्पष्ट शब्दांत आहे. 'आमची कंपनी नाही, प्रोप्रायटरी आहे' ही सबब चालत नाही, कारण कलमाच्या स्पष्टीकरणात एकल मालकीची संस्थाही धरली आहे. तुमच्या हलगर्जीपणामुळे रुग्णाचा रिपोर्ट फुटला आणि त्याचं नुकसान झालं, तर तो ५ कोटींपर्यंतच्या भरपाईसाठी राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांकडे अर्ज करू शकतो, कारण या कायद्याखाली तेच न्यायनिर्णय अधिकारी असतात. महाराष्ट्रात या अधिकाऱ्यांनी नेटबँकिंग आणि सिमकार्ड फसवणुकीच्या प्रकरणांत बँकांना आणि मोबाइल कंपन्यांना ग्राहकांची भरपाई करायला लावलेली आहे. मंत्रालयात असा दरवाजा आहे हेच बहुतेकांना, वकिलांनासुद्धा, माहीत नसतं.

आणि इथे नव्या कायद्याचं एक विचित्र अंग दिसतं. न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीने २०१८ मध्ये केलेल्या डेटा कायद्याच्या मसुद्यात नुकसान झालेल्या माणसाला भरपाई मागता येत होती. २०२३ च्या कायद्यात ती नाही. मंडळ जो दंड करील तो भारताच्या संचित निधीत, म्हणजे सरकारी तिजोरीत, जाईल. ज्याचा एचआयव्ही रिपोर्ट गावभर फिरला त्याच्या हातात त्यातला एक रुपया पडणार नाही, उलट खोटी किंवा फालतू तक्रार केली असं ठरलं तर त्यालाच १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. सेवेतली त्रुटी म्हणून ग्राहक आयोगात जाता येईल असं माझं मत आहे, कारण नवा कायदा इतर कायद्यांना पूरक आहे असं कलम ३८ म्हणतं. त्याचा कस लागायला मात्र वेळ आहे. तुमच्या बाजूने पाहिलं तर अर्थ असा, की रुग्णाने थेट तुमच्याकडून पैसे वसूल करण्याचा सर्वात सरळ मार्ग आज उघडा आहे. पुढे तो अरुंद होईल. २०२७ पर्यंत निवांत राहा म्हणणाऱ्याने हिशेब नेमका उलटा मांडलाय.

दुसरी आजच लागू असलेली गोष्ट म्हणजे सहा तासांची. संगणक सुरक्षेसाठीची केंद्राची यंत्रणा, सर्ट-इन, हिने २८ एप्रिल २०२२ रोजी निर्देश काढले. सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत त्यांना कळवायचं, संगणक यंत्रणेचे लॉग (कोण कधी शिरलं, काय केलं याच्या आपोआप होणाऱ्या नोंदी) १८० दिवस भारतात जपून ठेवायचे, आणि सगळ्या यंत्रांची घड्याळं सरकारी वेळेशी जुळवून ठेवायची. छोट्या उद्योगांना तेव्हा थोडी मुदतवाढ मिळाली होती, तीही २५ सप्टेंबर २०२२ ला संपली. रॅन्समवेअर (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) आणि डेटा फुटणं हे दोन्ही कळवायच्या घटनांच्या यादीत आहेत. न कळवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७०ब खाली गुन्हा आहे, त्यात कैदेचीही तरतूद आहे.

घड्याळाची गोष्ट किरकोळ वाटते. पण कलेक्शन सेंटरच्या संगणकात वेळ अकरा मिनिटं मागे, मुख्य लॅबच्या सर्व्हरवर वीस मिनिटं पुढे आणि ॲनालायझरच्या (नमुने तपासणाऱ्या यंत्राच्या) संगणकात भलतीच तारीख असेल, तर कोण आधी कुठून शिरलं हे लॉगवरून सिद्धच होत नाही. हे काम फुकट आहे, अर्ध्या तासाचं आहे, आज संध्याकाळी करून टाका.

तुमच्या खऱ्या भीतीकडे येतो. समजा सोमवारी सकाळी सात वाजता, उपाशीपोटी आलेल्यांची रांग लागलेली असताना रिसेप्शनच्या स्क्रीनवर खंडणीचा संदेश आला. बहुतेक ठिकाणी पहिली प्रतिक्रिया एकच असते. सॉफ्टवेअरवाल्याला फोन, आणि तो म्हणतो फॉरमॅट मारू. तेवढं करू देऊ नका. नेटवर्कची वायर काढा, वायफाय राउटर बंद करा, पण संगणक फॉरमॅट करू नका, शक्य असेल तर बंदही करू नका. पुरावा त्यातच असतो. स्क्रीनचा फोटो मोबाइलवर काढा. वेळ कागदावर लिहा, कारण सहा तास त्या वेळेपासून मोजले जातील. सर्ट-इनला कळवताना सगळं ठाऊक असावं अशी अपेक्षा नाही. काय दिसलं, कधी दिसलं, किती यंत्रं बाधित, संपर्क कोणाचा, एवढ्यावर पहिला ईमेल जातो, बाकी तपशील मागून देता येतो. मग पोलिसांत तक्रार. पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, कारण तिथे मिनिटांना किंमत असते. आणि रांगेतल्या लोकांसाठी हाताने लिहायचं पावती-पुस्तक आणि नमुन्यांवर लावायचे क्रमांकाचे स्टिकर कपाटात तयार हवेत. ही अतिशयोक्ती नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर हल्ला झाला तेव्हा देशातल्या अग्रगण्य रुग्णालयाला नोंदणीपासून रिपोर्टपर्यंतचं काम दिवसेंदिवस कागदावर करावं लागलं. पाच सर्व्हर बाधित झाले आणि सुमारे १.३ टेराबाइट डेटा कुलूपबंद झाला असं सरकारने संसदेत सांगितलं, कारणही सांगितलं: नेटवर्कची विभागणी नीट नव्हती. तुमच्या लॅबमध्ये रुग्णांना दिलेलं वायफाय, रिसेप्शनचा संगणक आणि ॲनालायझर एकाच राउटरवर असतील, तर तुमचंही दुखणं तेच आहे, फक्त आकार लहान. बॅकअपची हार्डडिस्क दिवसरात्र सर्व्हरला जोडून ठेवू नका. जोडलेली डिस्कही सोबतच लॉक होते.

मे २०२७ नंतर यात दुसरं घड्याळ सुरू होईल. डेटा फुटल्याचं कळताच मंडळाला आणि प्रत्येक बाधित रुग्णाला विनाविलंब कळवायचं, आणि ७२ तासांच्या आत मंडळाला सविस्तर अहवाल द्यायचा. न कळवल्यास २०० कोटींपर्यंत दंड. सर्ट-इनचे सहा तास त्याने संपत नाहीत, दोन्ही स्वतंत्र चालतात. आणखी एक पेच आहे. किती मोठी फूट कळवायची याची किमान मर्यादा या कायद्यात नाही. अक्षरशः वाचलं तर पाटलांचा रिपोर्ट चुकून दुसऱ्या पाटलांच्या व्हॉट्सॲपवर गेला, तरी ती डेटाफूटच. प्रत्यक्षात मंडळ अशा एकेका रिपोर्टवर बसणार नाही, कारण दंडासाठी उल्लंघन 'लक्षणीय' ठरावं लागतं. तरी तुम्ही एक वही आजपासून ठेवा: कोणाचा रिपोर्ट, कुठे गेला, कधी कळलं, रुग्णाला कधी सांगितलं, पुढे काय बदललं. चौकशीत अशी वही कुठल्याही सर्टिफिकेटपेक्षा जास्त बोलते.

व्हॉट्सॲप बंद करावं का? नाही. रुग्णाने स्वतः नंबर देऊन 'इथे पाठवा' म्हटलं तर त्या कामापुरता तो वापरणं नव्या कायद्याच्या कलम ७ मध्ये बसतं. कायद्यातलं उदाहरणच औषधाच्या दुकानाचं आहे: ग्राहक स्वतःहून माहिती देतो आणि पैसे मिळाल्याचा संदेश मोबाइलवर मागतो, तर दुकानदार तेवढ्यासाठी ती माहिती वापरू शकतो. प्रश्न येतो तो त्या नंबरचं पुढे काय होतं तिथे. मी लॅब तपासायला जातो तेव्हा साधारण हेच सापडतं: रिपोर्ट रिसेप्शनवरच्या मुलीच्या स्वतःच्या मोबाइलवरून जातात, ती नोकरी सोडून गेली तरी हजारो पीडीएफ तिच्या फोनमध्ये राहतात. डॉक्टरांच्या ग्रुपवर रुग्णाच्या नावासकट रिपोर्ट टाकले जातात आणि त्या ग्रुपमध्ये दोन औषध प्रतिनिधीही असतात. शिबिरात साखर तपासायला आलेल्यांचे नंबर वर्षभर 'फुल बॉडी चेकअप, ५० टक्के सवलत' अशा संदेशांसाठी वापरले जातात. लॅबचा स्वतंत्र फोन, पीडीएफला पासवर्ड, आणि नाव टाइप करून नव्हे तर सॉफ्टवेअरमधून थेट रिपोर्ट जाणं, एवढ्याने निम्मं दुखणं संपतं. डॉक्टरांना रिपोर्ट वैयक्तिक पाठवा. शिबिराच्या यादीवर जाहिरात करायची असेल तर त्यासाठी वेगळी संमती घ्या, आणि ती नाकारली तरी साखर तपासून द्या.

कंपन्यांच्या आरोग्य तपासण्या तुम्ही घेत असाल तर थोडं थांबून वाचा. एमआयडीसीतल्या कारखान्याचा एचआर सगळ्या कामगारांचे रिपोर्ट एका एक्सेलमध्ये मागतो आणि लॅब देते, कारण बिल कंपनी भरते. पण बिल भरणाऱ्याचा रिपोर्ट नसतो. नोकरीच्या कारणासाठी माहिती वापरायची सवलत मालकाला कायद्यात आहे, पण तिच्या आधाराने कामगाराची कावीळ आणि गर्भावस्था एचआरच्या लॅपटॉपवर पोचावी असा अर्थ काढणं मला पटत नाही. सविस्तर रिपोर्ट कामगाराच्या हाती, आणि कंपनीला फक्त कामासाठी तंदुरुस्त आहे की नाही, एवढंच. करारात तसं लिहून घ्या. एचआयव्हीच्या बाबतीत तर वेगळा कायदाच आहे, २०१७ चा, आणि तो पूर्णपणे लागू आहे. त्यात गोपनीयता आणि अशा नोंदींचं संरक्षण दोन्ही बंधनकारक आहेत. गंमत म्हणजे २०२३ च्या कायद्याने 'संवेदनशील' हा प्रकारच काढून टाकला. त्याच्या लेखी एचआयव्ही रिपोर्ट आणि मोबाइल नंबर एकाच पंक्तीत. तुम्ही मात्र तसं वागू नका.

मुलांबद्दल थोडक्यात. १८ वर्षांखालच्या व्यक्तीचा डेटा वापरायला पालकांची पडताळता येणारी संमती लागेल, पण उपचार व निदान करणाऱ्या संस्थांना त्या सेवेपुरती यातून सवलत आहे. शाळेच्या शिबिरातल्या मुलांची यादी व्हिटॅमिन कंपनीला देण्यासाठी ही सवलत नाही.

साठवणुकीवर माझा रोख सर्वांत जास्त आहे, आणि विक्रेते याबद्दल एक शब्द बोलत नाहीत, कारण यात विकण्यासारखं काही नसतं. जे तुमच्याकडे नाही ते फुटू शकत नाही. नोंदणीला आधारची झेरॉक्स का घेता? बहुतेक लॅबना याचं उत्तर देता येत नाही. सरकारी योजनेसाठी लागत असेल तेव्हाच घ्या, सरसकट नको. कागदी रजिस्टरला नवा कायदा लागू नाही, पण ते स्कॅन केलं की लागू होतो. म्हणून 'डिजिटल करून टाकू' या उत्साहात वीस वर्षांची रजिस्टरं स्कॅन करू नका. उलट टोकही टाळा. नव्या नियमांत प्रक्रिया केलेला डेटा आणि त्याचे लॉग किमान एक वर्ष ठेवायला सांगितलं आहे, म्हणजे रिपोर्ट दिला की दुसऱ्या दिवशी सगळं पुसलं, हेही चालणार नाही. काय किती वर्षं ठेवायचं, का ठेवायचं आणि कोण पुसणार, हे एका पानावर लिहा आणि सही करा.

मग सॉफ्टवेअरवाला. रुग्णांच्या नोंदीचं तुमचं सॉफ्टवेअर क्लाउडवर असेल तर डेटा त्याच्याकडे आहे, जबाबदारी मात्र तुमचीच. नव्या कायद्याचं कलम ८ यात फट ठेवत नाही, करारात काहीही लिहिलं असलं तरी. तुमच्याकडे बहुधा करारच नसेल, फक्त दरवर्षीचं देखभालीचं बिल असेल. त्याच्याकडून लेखी घ्या: घटना कळताच काही तासांत तुम्हाला सांगेन, लॉग एक वर्ष ठेवीन, करार संपल्यावर डेटा परत देऊन पुसून टाकीन, दुसऱ्या कुणाला काम दिलं तर आधी कळवीन. यातला पहिला मुद्दा सोडू नका. तुमचे सहा तास त्याच्या तिसऱ्या दिवशीच्या फोनने वाचणार नाहीत. ॲनालायझर दुरुस्त करणारा इंजिनिअर एनीडेस्कवरून (दुरून संगणक चालवायच्या सॉफ्टवेअरवरून) येतो, तेव्हा काम संपल्यावर ते बंद होतं का हेही बघा. कायमचा पासवर्ड देऊन ठेवलेला असेल तर आजच बदला. सगळ्या कर्मचाऱ्यांना एकच लॉगिन हा प्रकारही थांबवा, नाहीतर रिपोर्ट कोणी फोडला हे कधीच कळणार नाही. पगारी माणसाने पैशासाठी डेटा विकला तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७२अ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, पण त्यासाठी आधी तो कोण हे दाखवता यायला हवं.

नोटिशीसाठी वकील लावायची गरज नाही. कायदा सांगतो की नोटीस स्वतंत्र, साध्या भाषेत हवी, आणि ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय रुग्णाला हवा. म्हणजे मराठी हक्काने. काउंटरवर लावायला आणि पावतीच्या मागे छापायला मी असा मसुदा देतो:

"आम्ही तुमचं नाव, वय, मोबाइल नंबर, डॉक्टरांचं नाव आणि तपासणीचे निष्कर्ष नोंदवतो. ते फक्त तपासणी करणं, रिपोर्ट तुम्हाला व तुम्ही सांगाल त्या डॉक्टरांना पाठवणं आणि बिल यासाठी वापरतो. जाहिरातीचे संदेश हवे असतील तरच खालच्या चौकटीत वेगळी खूण करा. न केल्यास तपासणीवर काही परिणाम होत नाही. दिलेली संमती कधीही मागे घेता येते, त्यासाठी या नंबरवर संदेश पाठवा. नोंदी दुरुस्त करणं, पाहणं किंवा पुसणं यासाठी आणि तक्रारीसाठी संपर्क: अमुक. आमच्या उत्तराने समाधान न झाल्यास डेटा संरक्षण मंडळाकडे तक्रार करता येते."

शेवटची मंडळाची ओळ मे २०२७ पासून पूर्ण अर्थाने लागू होईल, पण छापून ठेवायला हरकत नाही. जुन्या रुग्णांना शोधून नव्याने संमती घ्यायची घाईही नको. आधीच्या संमतीवर काम चालू ठेवता येतं, कायदा लागू झाल्यावर त्यांना नोटीस शक्य तितक्या लवकर पोचली की झालं. तक्रारीचं उत्तर द्यायला नियमात जास्तीत जास्त ९० दिवस आहेत, पण लॅबमध्ये सात दिवस पुरतात.

विक्रेत्याने सांगितलेल्या रकमेतून नवा राउटर, बॅकअपच्या दोन डिस्क, लॅबचा फोन आणि सॉफ्टवेअरवाल्याचा करार वाचायला एका वकिलाची फी, एवढं भागतं. उरले तर कलेक्शन सेंटरच्या मुलांना जेवायला घालून तासभर समजावून सांगा. रुग्णाशी बोलतात ते, रिपोर्ट पाठवतात ते, आणि 'माझ्या बायकोचा रिपोर्ट मला दाखव' म्हणून काउंटरवर येणाऱ्याला नाही म्हणायचंय तेही त्यांनाच.